टूमर्स कॉर्नरचे दोन ओक: एका गुणाने हरलेल्या सामन्यानंतर

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. तिथे फुटबॉल म्हणजे कॉलेजचा फुटबॉल, आणि त्यातही दोनच नावे: टस्कलूसा गावातले अलाबामा विद्यापीठ आणि राज्याच्या पूर्व टोकाला असलेले ऑबर्न विद्यापीठ. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचे, फेकायचा, झेलायचा आणि समोरच्याच्या हद्दीत नेऊन पोचवायचा. पोचवला की सहा गुण, त्यानंतर चेंडू लाथेने खांबांमधून मारला की आणखी एक.

या दोन संघांची पहिली गाठ 1893 मध्ये बर्मिंगहॅम शहरात पडली. 1907 चा सामना बरोबरीत सुटला, मग दोन विद्यापीठांचे बिनसले आणि खेळ थांबला तो थेट 1948 मध्ये पुन्हा सुरू झाला. मधली चाळीस वर्षे सामना नव्हता, पण वैर जराही निवले नाही. बर्मिंगहॅम लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचे गाव, म्हणून या लढतीला ‘आयर्न बोल’ म्हणतात. अलाबामाची आरोळी ‘रोल टाइड’, ऑबर्नची ‘वॉर ईगल’. कोणत्या बाजूचे, हा प्रश्न त्या राज्यात प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो, आणि उत्तर द्यायला त्या विद्यापीठात शिकलेले असण्याची गरज नसते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना ज्याने पाहिला असेल, त्याला हे वेगळे समजावायला नको. बाजू निवडावी लागत नाही, ती ज्या घरात, ज्या पेठेत जन्म झाला तिथून येते.

ऑबर्नमध्ये जिथे गाव संपते आणि विद्यापीठाचे आवार सुरू होते, त्या चौकाला टूमर्स कॉर्नर म्हणतात. कॉलेज स्ट्रीट आणि मॅग्नोलिया अव्हेन्यू तिथे मिळतात. समोर टूमर्सचे जुने औषधांचे दुकान आहे. तिथली लिंबूसरबते प्रसिद्ध आहेत. आवाराच्या फाटकाशी दोन मोठे सदाहरित ओक उभे होते. संघ जिंकला की लोक इथे जमायचे आणि टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फांद्यांवरून फेकायचे. पाहता पाहता दोन्ही झाडे पांढरी व्हायची. या प्रथेच्या मुळाशी अशी गोष्ट सांगतात की, फार पूर्वी परगावच्या सामन्याचा निकाल तारेने यायचा आणि ऑबर्न जिंकले की दुकानातली माणसे तारयंत्राची कागदी पट्टी बाहेरच्या तारांवर फेकायची. झाडांवर कागद फेकण्याला जोर चढला तो 1972 नंतर. त्या वर्षी ऑबर्नने अलाबामाला 17-16 असे हरवले होते.

हे सगळे आधी सांगितले, कारण ज्या झाडांना पुढे विष घातले गेले ती फक्त झाडे नव्हती. लग्नाचे फोटो तिथे काढले जात, पदवी घेतल्यावर लोक तिथे उभे राहत, नातवंडांना तिथे आणत.

सामना

26 नोव्हेंबर 2010, शुक्रवार. सामना टस्कलूसाच्या ब्रायंट-डेनी मैदानावर होता. नव्या सज्जानंतर त्याची क्षमता लाखाच्या वर गेलेली, आणि बहुतेक सगळे लोक अलाबामाचे. अलाबामा गतविजेते होते. ऑबर्नने त्या हंगामात एकही सामना हरला नव्हता.

पहिल्या सत्रातच अलाबामाने 21-0 अशी आघाडी घेतली, ती पुढे 24-0 झाली. मैदानात कुणालाही शंका उरली नव्हती. इथून पुढे दोन क्षण असे आले की त्यांवर आजही वाद होतो. अलाबामाचा मार्क इंग्रॅम चेंडू घेऊन सुटला होता, मागून हात पडला, चेंडू सुटला आणि मैदानाच्या कडेची रेघ न ओलांडता घरंगळत थेट शेवटच्या पट्टीत गेला, म्हणजे ऑबर्नला मिळाला. जरा डावी-उजवीकडे गेला असता तर तो अलाबामाचाच राहिला असता. मध्यंतराआधी आणखी एकदा, ऑबर्नचा निक फेअर्ली अंगावर धावून आला आणि अलाबामाच्या हाती आलेला घास गेला. मध्यंतराला 24-7.

दुसऱ्या अर्ध्यात ऑबर्नच्या कॅम न्यूटनने पहिल्याच डावात 70 यार्डांची फेक साधली. मग तो स्वतः घुसला, 24-21. अलाबामाने तीन गुण जोडून 27-21 केले. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला न्यूटनने फिलिप लुट्झेनकर्केनकडे चेंडू टाकला आणि 28-27 झाले. पुढची बारा मिनिटे कुणीच गुण मिळवू शकले नाही. ऑबर्नने त्यापूर्वी कधी चोवीस गुणांची पिछाडी भरून काढली नव्हती. पुढे जानेवारीत ओरेगॉनला 22-19 ने हरवून हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला.

सामना टस्कलूसाला, पण जल्लोष अडीच-तीन तासांच्या अंतरावर, टूमर्स कॉर्नरला. त्या रात्री ओक नेहमीसारखे पांढरे झाले.

काय घडले

ज्या माणसाने पुढचे कृत्य केले त्याचे नाव तेव्हा देशभर छापून आले. इथे ते घेतलेले नाही, प्रकरण समजायला त्याची गरज नाही. साठी ओलांडलेला निवृत्त पोलीस, ऑबर्नपासून तीसेक मैलांवर राहणारा, अलाबामा संघाचा कट्टर चाहता. त्या विद्यापीठात तो शिकलेला नव्हता. सामन्यानंतरच्या शनिवार-रविवारी तो ऑबर्नला गेला आणि दोन्ही ओकांच्या मुळांशी तणनाशक टाकून आला.

दोन महिने कुणाला काहीही कळले नाही. 27 जानेवारी 2011 ला बर्मिंगहॅमहून चालणाऱ्या पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ कार्यक्रमात एक फोन आला. फोन करणाऱ्याने स्वतःचे नाव ‘डेडव्हिलचा अॅल’ असे सांगितले. तो ज्या दोन गोष्टींनी पेटला होता त्याही त्याने सांगितल्या. अलाबामाचे थोर प्रशिक्षक बेअर ब्रायंट 1983 मध्ये वारले, तेव्हा ऑबर्नच्या लोकांनी टूमर्स कॉर्नरला कागद फेकून आनंद साजरा केला असा त्याचा ठाम समज होता. आणि यंदाच्या सामन्याच्या वेळी ब्रायंट यांच्या पुतळ्याला न्यूटनच्या नावाची जर्सी घातलेली त्याने पाहिली होती. मग त्याने झाडांना विष घातल्याचे, औषधाचे नाव घेऊन, सांगितले. झाडे अजून मेली नाहीत, पण मरणार हे नक्की, असेही म्हणाला. हे बेकायदेशीर नाही का, असे विचारल्यावर त्याने आपल्याला त्याची पर्वा नसल्याचे सांगितले आणि आपल्या संघाची आरोळी देऊन फोन ठेवला. ब्रायंट यांच्या पुण्यतिथीचा तो दुसरा दिवस होता.

पहिला निर्णय: विश्वास ठेवायचा की नाही

क्रीडा कार्यक्रमांत रोज शेकडो लोक बढाया मारतात. हा फोनही त्यात जमा करून सोडून देता आला असता. झाडे हिरवी होती, काही दिसत नव्हते. विद्यापीठाने तसे केले नाही. दुसऱ्याच दिवशी, 28 जानेवारीला, ओकांखालच्या मातीचे नमुने घेतले गेले. या संपूर्ण प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा निर्णय, कारण तो घेतला तेव्हा हाती पुरावा शून्य होता.

झाडे हिरवी का दिसत होती, त्याचे कारण या विषाच्या स्वभावात आहे. फोनवर ज्याचे नाव घेतले गेले ते ‘स्पाइक 80 डीएफ’. त्यातले मुख्य रसायन टेब्युथियुरॉन. कुंपणाच्या कडेने किंवा कुरणांत नको असलेली झाडे-झुडपे कायमची घालवायला ते वापरतात. ते पानांवर मारायचे नसते, मातीत टाकायचे असते. पावसाबरोबर ते मुळांपर्यंत जाते, मुळांतून वर चढते आणि पानांना सूर्यप्रकाशातून अन्न बनवू देत नाही. पान पिवळे पडते, गळते. झाड साठवलेल्या अन्नावर नवी पालवी काढते, तीही पिवळी पडते, गळते. असे करत करत साठा संपतो. ते मातीत वर्षाहून अधिक काळ टिकू शकते. नोव्हेंबरअखेरीस टाकलेल्या औषधाचा परिणाम वसंतात पालवी फुटल्याशिवाय डोळ्यांना दिसणार नव्हता.

अहवाल आला तेव्हा बातमी वाईट होती. मातीत सर्वांत कमी प्रमाण आढळले ते दहा लाखांत 0.78 भाग, आणि तज्ज्ञांच्या मते तेवढेही झाड मारायला पुरेसे होते. सर्वांत जास्त प्रमाण होते 51 भाग, म्हणजे त्याच्या 65 पट. झाडाला मारायचेच या हिशेबाने ते टाकलेले होते, त्यात चुकून सांडल्याची शक्यता नव्हती.

16 फेब्रुवारीला विद्यापीठाने हे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला अटक झाली.

समोर असलेले पर्याय

विद्यापीठापुढे एकाच वेळी दोन वेगळे प्रश्न उभे होते, आणि ते वेगवेगळ्या माणसांच्या हातात होते.

पहिला बागायतशास्त्राचा. झाडे ताबडतोब काढून टाकायची आणि माती बदलायची? तसे केले तर विष पसरणे थांबते, पण वाचण्याची कसलीही शक्यता उरत नाही. की वाचण्याची आशा फार थोडी आहे हे उघड सांगून प्रयत्न करायचा? त्यात पैसा आणि वेळ जातो आणि शेवटी बहुधा हरायचेच असते. तिसरा मार्ग, झाडांकडे बघत राहायचे. तो कुणी गंभीरपणे मांडला नाही.

दुसरा प्रश्न माणसांचा होता आणि जास्त धोक्याचा. ऑबर्नमधल्या हजारो तरुणांच्या डोळ्यांसमोर आता शत्रू होता, आणि त्या शत्रूच्या घरीही प्रिय वस्तू होत्या: पुतळे, घंटामिनार, मैदान. दुसऱ्या बाजूला अलाबामाच्या चाहत्यांना ठरवायचे होते की हे कृत्य आपले मानायचे, झटकायचे की त्यासाठी काही करायचे. ‘तो एक वेडा होता, आमचा त्याच्याशी काय संबंध’ हे म्हणणे खरेही होते आणि सोपेही.

केलेले उपाय

विद्यापीठाच्या अध्यक्षांनी पहिल्याच निवेदनात राग समजण्यासारखा आहे हे मान्य केले आणि लगेच सांगितले की माणूस एकटा वागतो, कोणत्या गावाच्या किंवा संस्थेच्या वतीने नव्हे. राष्ट्रीय विजेते म्हणून घालून दिलेला आदर्श सोडू नका, अशी विनंतीही त्यात होती. ही वाक्ये वाचायला साधी वाटतात. पण ती राग शिगेला असताना, अटकेच्याही आधी, सर्वांत वरच्या माणसाने म्हटली. चार दिवसांनी म्हटली असती तर तोवर कुणीतरी टस्कलूसाकडे निघाले असते, अशी मला दाट शंका आहे.

झाडांवर जे शक्य ते केले गेले. मुळांभोवतीची माती उकरून काढली, नवी भरली. सक्रिय कोळसा मिसळला, म्हणजे उरलेले विष त्याला चिकटून बसावे. पानांतून पाणी उडणे कमी व्हावे, म्हणजे मुळे कमी पाणी आणि त्याबरोबर कमी विष ओढतील, या हिशेबाने फवारणी केली. पुढे खोडात साखरेचे द्रावणही देऊन पाहिले, पाने अन्न बनवू शकत नाहीत तर ते बाहेरून द्यावे म्हणून. या प्रत्येक उपायामागे झाडाची नेमकी अडचण ओळखलेली होती. पण त्या प्रमाणापुढे ते पुरणारे नव्हते. 2011 च्या वसंतात नवी पाने आली ती विषाच्या खुणा घेऊनच.

मधल्या काळात एक निर्णय असा घेतला गेला ज्यावर मतभेद होऊ शकतात: झाडांवर कागद फेकायला बंदी घातली नाही. आजारी झाडाला त्रास कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण झाडे वाचणार नसतील तर उरलेल्या दिवसांत लोकांपासून ती तोडायची कशाला, हेही तितकेच खरे. मी दुसऱ्या बाजूने आहे.

चाहत्यांनी काय केले

बातमी फुटल्यावर थोड्याच वेळात अलाबामाच्या काही चाहत्यांनी ‘टाइड फॉर टूमर्स’ या नावाने मोहीम सुरू केली. हेतू एवढाच की ओक वाचवण्याच्या खर्चाला आपल्या बाजूने पैसे जमवायचे. सुमारे 50,000 डॉलर जमले. ज्यांना तीन महिन्यांपूर्वी एका गुणाने, स्वतःच्या मैदानावर, चोवीस गुणांच्या आघाडीनंतर हरवले होते, त्यांनी हे पैसे दिले. त्याच आठवड्यात ऑबर्नचे लोक चौकात जमून झाडांना मिठी मारून आले.

इथे एक बारीक गोष्ट आहे. या चाहत्यांनी ‘आम्ही चांगले, तो वाईट’ हे पटवण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी त्या माणसाची जबाबदारी स्वतःकडे घेतली नाही, आणि हात झटकूनही बसले नाहीत. झाड कुणाचे, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला.

आणि मग 27 एप्रिल 2011 आला. निवेदनाला दहा आठवडे झाले होते. त्या दिवशी दक्षिणेतल्या राज्यांवर टॉर्नेडोंची, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारख्या फिरत जाणाऱ्या वादळांची, रांगच लागली आणि त्यातले एक प्रचंड वादळ टस्कलूसातून बर्मिंगहॅमपर्यंत गेले. त्या एका वादळाने साठहून अधिक माणसे मारली. टस्कलूसाच्या वस्त्याच्या वस्त्या सपाट झाल्या. विद्यार्थीही गेले.

ऑबर्नच्या चाहत्यांनी ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ नावाने मदतीचे जाळे उभारले. नाव मुद्दाम उलटे केलेले होते, ज्याला कळायचे त्याला कळत होते. कुठे पाणी हवे, कुठे करवती आणि ताडपत्र्या, कुणाकडे ट्रक रिकामा आहे, कोणत्या रस्त्यावर अजून कुणी पोचलेले नाही, ही माहिती त्या जाळ्यातून तासातासाला फिरत होती. हजारो लोक त्यात आले, आणि काम टस्कलूसापुरते न राहता राज्यातल्या इतर उद्ध्वस्त गावांकडेही गेले.

फेब्रुवारीत सूड घेतला गेला असता, एखादा पुतळा फोडला गेला असता, तर एप्रिलमध्ये हे ट्रक निघाले असते का? निघाले असते कदाचित, माणसे संकटात धावतातच. पण इतक्या लवकर, इतक्या सहज नाही. ओळखी आधीच झालेल्या होत्या.

न्यायालय

खटला लांबला. 2012 मध्ये ज्युरीचे सदस्य निवडायला सुरुवात झाली, पण विद्यार्थी वृत्तपत्राच्या बातमीने गोंधळ उडाला आणि सुनावणी दुसऱ्या परगण्यात हलवली गेली. शेवटी 22 मार्च 2013 ला त्या माणसाने गुन्हा कबूल केला. शिक्षा तीन वर्षांची, त्यात प्रत्यक्ष तुरुंगवास सहा महिन्यांचा आणि आधी काढलेले दिवस वजा. पुढे पाच वर्षे देखरेख, संध्याकाळी सात नंतर घराबाहेर पडायला मनाई, आणि कॉलेजच्या कोणत्याही क्रीडा सामन्याला जायला मनाई. नुकसानभरपाई ठरली ती आठ लाख डॉलरच्या जवळपास. 2020 मध्ये तो वारला तोपर्यंत त्यातला अगदी थोडा भाग भरला गेला होता.

सामन्यांना जाण्याची बंदी ही यातली सर्वांत नेमकी शिक्षा वाटते. भरपाईचा आकडा मात्र निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याकडून कधी वसूल होणारच नव्हता. तो न्यायालयाने हिशेबाने काढला होता, पण त्याचा उपयोग कागदावरच राहिला.

परिणाम

झाडे वाचली नाहीत. 2012 चा हंगाम ऑबर्नचा इतका वाईट गेला की संघाने फक्त तीन सामने जिंकले, म्हणजे ज्या वर्षी ओकांना शेवटचे पांढरे करायचे त्या वर्षी कारणच थोडे मिळाले. 20 एप्रिल 2013 ला वसंतातला सराव सामना होता. त्याला 83,401 लोक आले. सराव सामन्याला. त्यानंतर सगळे चौकात गेले आणि शेवटचा कागद फेकला. तीन दिवसांनी, 23 एप्रिलला, ओक कापले गेले. लाकडाच्या वस्तू करून विकल्या आणि पैसा शिष्यवृत्त्यांना दिला.

त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला पुन्हा आयर्न बोल, आणि 2010 लाही मागे टाकणारा. 28-28 अशी बरोबरी, एक सेकंद उरलेला. अलाबामाने लांबून लाथ मारली, ती तोकडी पडली. ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने शेवटच्या पट्टीच्या आत उभे राहून चेंडू झेलला आणि 109 यार्ड पळत दुसऱ्या टोकाला नेला. 34-28. लोक चौकात धावले. झाडे नव्हती. विद्यापीठाने त्या हंगामासाठी खांब रोवून तारा ताणल्या होत्या, जुन्या तारयंत्राच्या गोष्टीची आठवण ठेवून. त्या तारांवर कागद पडला.

नवे ओक 14 फेब्रुवारी 2015 ला लागले. त्यातला एक रुजलाच नाही, तो बदलला. लोकांना सांगितले की मुळे धरेपर्यंत यांच्यावर काही फेकू नका, आणि लोकांनी तोवर ऐकले. सप्टेंबर 2016 मध्ये एलएसयू (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) विरुद्धचा सामना 18-13 असा सुटला. समोरच्यांनी अखेरच्या क्षणी केलेले गुण वेळ संपल्यामुळे रद्द झाले होते. त्या रात्री कुणीतरी फांद्यांवरच्या कागदाला आग लावली आणि झाड होरपळले. 2017 मध्ये पुन्हा लागवड करावी लागली.

वेगळे काय करता आले असते

एक गोष्ट आधीच बरोबर झालेली होती, तीही या संकटाची कल्पना नसताना. ऑबर्नचे वनशास्त्राचे विद्यार्थी या ओकांच्या फळांपासून रोपे करून विकत आणि तो पैसा शिष्यवृत्तीला जाई. त्यामुळे मूळ झाडांची संतती जिवंत होती, आणि 2016 मध्ये त्यातली झाडे फाटकापासून आत जाणाऱ्या वाटेच्या कडेने लावता आली. ज्या गावाचे एखादे झाड त्या गावाची ओळख बनलेले असेल, त्याने त्याची रोपे आजच करून ठेवावीत. पैसे फारसे लागत नाहीत.

झाडांची प्रकृती मुळात उत्तम नव्हती हेही मान्य करायला हवे. वर्षानुवर्षे कागद काढायला जोरदार पाण्याचे फवारे मारले जात. साली-फांद्यांना त्याचा त्रास होत असे, मुळांभोवती फरसबंदी होती, हजारो पावलांनी माती दाबली जात होती. निरोगी झाडही त्या विषापुढे तगले नसते. पण नव्या ओकांसाठी मोकळी, भुसभुशीत माती, पाण्याचा निचरा आणि कागद हाताने काढण्याची शिस्त आली ती या प्रकरणानंतर. ती आधी यायला हवी होती.

नमुने घेतल्यापासून जाहीर करेपर्यंत जवळपास तीन आठवडे गेले. या काळात मुळे विष ओढत राहिली. अहवालाची वाट न पाहता, फक्त संशयावर, कोळसा टाकता आला असता का? खर्च थोडा होता. विष निघाले नसते तर काही बिघडलेही नसते. माझ्या मते हा एक निर्णय खरोखर उलटा घेता आला असता, जरी शेवट कदाचित बदलला नसता.

दुसरी उणीव बंदोबस्ताची. मोठ्या सामन्याच्या रात्री पोलीस असतात, दिवे असतात, गर्दी असते. विष गर्दी घरी गेल्यानंतर टाकले गेले, आणि ज्या गावात सामना झाला त्या गावात नाही, तर जिंकलेल्यांच्या गावात. हरण्याचे दुःख घेऊन मैदानातून बाहेर पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी शांत होतोच असे नाही, विशेषतः आघाडी इतकी मोठी आणि पराभव इतका निसटता असेल तेव्हा. आयर्न बोलनंतरचा आठवडाभर त्या चौकात साधा कॅमेरा आणि रात्रीची एक फेरी असती तर फोन यायची वाट पाहावी लागली नसती.